टिचकूची पावाची कड

चड्डी वर ओढा. बोट तोंडातून काढा. आणि ऐका.

एक होता उंदीर. टिचभर. नाव टिचकू. राहायचा ताईच्या घरात.

रविवार होता. बाबा म्हणाले, "आज सँडविच मी करणार! मटणाचं! गॅसवर? छे छे! कोळशावर भाजून!"

आई म्हणाली, "करा हो, करा!" आणि पदराआड हसली. खी खी खी!

बाबांनी गच्चीत शेगडी मांडली. वर जाळी ठेवली. पावाच्या कडा कापल्या. एक कड खाली पडली. टप्प!

टिचकूने उचलली. तोंडात घालणार, तेवढ्यात बाबांनी ओढली. सर्रकन!

"ही ठेवतो जाळीवर. कड भाजली, की समजायचं जाळी तापली. मग तुझी तुला."

कड जाळीवर. टिचकूचं पोट रिकामं. गुडगुड गुडगुड!

बाबा कमरेवर हात ठेवून उभे. नुसतेच उभे.

"बाबा, बाबा, माझी कड द्या ना!"

"जाळी तापली, की देईन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. गेला जाळीकडे.

"बाबा कड देईनात. जाळीबाई, जाळीबाई, तापा ना!"

"इश्श! मी आपली आपण तापू? कोळसे फुलले, की तापेन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू गेला कोळशांकडे. कोळसे काळे ढुस्स. एक ठिणगी होती, तीही पेंगत होती.

"जाळी तापेना, बाबा कड देईनात. कोळसेदादा, कोळसेदादा, फुला ना!"

"वारा कुठाय? पुठ्ठा हलला, की फुलू."

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू गेला पुठ्ठ्याकडे.

"कोळसे फुलेनात, जाळी तापेना, बाबा कड देईनात. पुठ्ठेराव, पुठ्ठेराव, हला ना!"

"कसा हलू, कपाळ! ताई बसलीय माझ्यावर! ताई उठली, की हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू गेला ताईकडे.

"पुठ्ठा हलेना, कोळसे फुलेनात, जाळी तापेना, बाबा कड देईनात. ताई, ताई, ऊठ ना!"

"शूऽऽ! मांडीवर मनी झोपलीय. मनी उतरली, की उठेन."

मनी म्हणजे कोण? मांजर!

टिचकू थबकला. शेपटी थरथर. पण पोट? गुडगुड गुडगुड!

गेला. हळूच गेला. तुरु... तुरु... तुरु...

"ताई उठेना, पुठ्ठा हलेना, कोळसे फुलेनात, जाळी तापेना, बाबा कड देईनात. मनीमावशी, मनीमावशी, उतर ना!"

मनीने एक डोळा उघडला. "भाजलेलं मटण मिळालं, की उतरेन."

"मटण भाजणार कोण?"

"बाबा."

"बाबा कशावर भाजणार?"

"जाळीवर."

"आणि जाळी तापेना!"

"मग बस बोंबलत," मनी म्हणाली. आणि डोळा मिटला.

घ्या! बाबा जाळीसाठी थांबले. जाळी कोळशांसाठी थांबली. सगळे थांबले. मोठे मोठे थांबले. वा रे वा, शहाणे!

टिचकू नाही थांबला. त्याने धरली मनीची शेपटी. आणि ओढली. खस्सकन!

"म्याँऽऽव!"

मनी उडाली. धप्प! टिचकू पळाला. मनी मागे. शेगडीभोवती गोल गोल गोल!

"अगं मने, सोड त्याला!" ताई उठली. पुठ्ठा उचलला. मनीच्या मागे धावली. फडफड फडफड!

आणि काय झालं?

मनी उतरली, ताई उठली, पुठ्ठा हलला, कोळसे फुलले, जाळी तापली!

कड भाजली. खरपूस!

बाबा म्हणाले, "बघा! आग कशी पेटवली मी!"

मटण टाकलं. चुर्रर्र! उलटलं. चुर्रर्र! रस गळाला. कुठे गळाला? कडेवर! टप टप टप!

थोडं करपलं. बाबा म्हणाले, "असंच करायचं असतं."

मटण पावात घातलं. वर कांदा. वर चटणी. वर दुसरा पाव. दाबला. फस्स!

टिचकू आला. धापा टाकत आला. "बाबा, बाबा, माझी कड द्या ना!"

"कड? कुठली कड?"

अस्सं!

टिचकूने खाली पाहिलं. समोर बाबांच्या पायाचा अंगठा. गुबगुबीत. टिचकूने दात दाखवले.

बाबा ओरडले, "घे रे, घे! तुझीच कड!"

मनी भिंतीवर बसली. तिला मिळाला वास. नुसता वास!

बाबा म्हणाले, "सँडविच मी केलं." आई म्हणाली, "मसाला मी लावला." ताई म्हणाली, "वारा मी घातला."

टिचकू काही बोलला नाही. तोंड भरलं होतं ना!

कुटुक कुटुक. कुटुक कुटुक.

कड संपली, गोष्ट संपली. आता सांगा, तुमच्या घरी नुसतं कमरेवर हात ठेवून कोण उभं असतं?

बोट दाखवू नका. गोष्ट वाचून दाखवतायत ना ते!