दोरीवरचे चार अंगरखे

"चित्र एक, त्यात मी एकटा, तोही एकदाच! पण अंगरखे मात्र चारही दिसले पाहिजेत. आणि एकावर एक चढवून माझं गाठोडं करायचं नाही, सांगून ठेवतो!"

चंदनगडचे राजे रणधवल यांनी हुकूम सोडला आणि दरबारी चितारी भानजीला दरदरून घाम फुटला. लाल अंगरखा म्हणजे राजांचं शौर्य, पांढरा म्हणजे न्याय, केशरी म्हणजे दानशूरपणा आणि जरीचा म्हणजे वैभव. राजांना यातला एकही गुण सोडवेना! दसऱ्यापर्यंत चित्र झालं नाही, तर भानजीने बायकोमुलांसह राज्य सोडायचं होतं.

दसरा दोन दिवसांवर आला. नमुन्यासाठी वाड्यातून आणलेले अंगरखे धुवायला न्यायला परटीण तुळसा आली, तर भानजीची बायको रडत रडत भांडी बांधत होती. तुळसा तिच्याजवळ टेकली. वीस वर्षांचा शेजार!

सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "एवढंच ना, भानजीदादा? मला तर हे चारही अंगरखे दर सोमवारी एकदम दिसतात. आमच्या अंगणात!"

दसऱ्याला भर दरबारात चित्रावरचा पडदा सरला. साध्या मलमलीच्या बंडीत राजे मिशीवर ताव देत उभे, आणि मागे दोरीवर चार अंगरखे वाळत घातलेले!

"ही राजाची तसबीर आहे की धोबीघाट?" राजे कडाडले. "कुणाची ही अक्कल?"

तुळसा पदर सावरत गर्दीतून पुढे झाली. "माझी, सरकार."

"माझं शौर्य तू दोरीवर टांगलंस?"

"शौर्य कुठलं, सरकार? नुसता अंगरखा! काल दिवसभर वाळत होता. चिमणी येऊन बसली, तीसुद्धा त्याला घाबरली नाही!"

दरबारात खसखस पिकली.

"आणि माझा न्याय?"

"पांढऱ्यासमोर माझ्या दोघी जावा कडाकडा भांडल्या. तो हूं की चूं बोलला नाही! दारात गोसावी आला, तर केशरी अंगरख्याने मूठभर पीठ घातलं नाही. आणि जरीचा तर आमच्या गाढवाने चाटला. पुन्हा धुवावा लागला!"

राजांच्या मिशा थरथरल्या. रागाने की हसू दाबल्याने, कुणाला कळेना.

"सरकार," तुळसा म्हणाली, "गुण अंगरख्यात असते, तर आम्ही परीट कधीच राजे झालो असतो! ते बंडीतल्या माणसात आहेत. म्हणून दादांनी माणूस पुढे काढलाय आणि अंगरखे मागे."

राजे पोट धरून हसले. भानजीच्या हातात त्यांनी सोन्याचं कडं घातलं आणि खांद्यावरचा भरजरी शेला काढून तुळसाला दिला.

तुळसाने सवयीने तो उलटापालटा करून डाग शोधला. "परवापर्यंत धुऊन आणते, सरकार!"

"अगं बाई, आणू नकोस! तुझाच आहे तो!"