थंडीबाईची गोधडी

सरका जरा, पाय आत घ्या. चिमे, भावाची उशी दे परत. हं, आता ऐका.

एक होतं गाव, डोंगराच्या पायथ्याशी. त्या गावात राहायची तुळसाक्का. गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. जुनी लुगडी घ्यायची, थरावर थर अंथरायची, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ टाके घालत जायची. टाके कसे? मुंग्यांची रांग बघा नुसती!

तिची सून हौसा. गुणाची पोर, पण टाका जाई वाकडा. तिची सुई म्हणजे शेळी, हवी तिकडे चरत फिरायची. आक्का म्हणायची, "शिवता येईना, म्हणे सुई वाकडी!" आणि सुनेनं घातलेले सगळे टाके उसवून टाकायची. आक्का वाईट नव्हती, बरं का. तिला तिच्या आईनं असंच शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं.

एका वर्षी काय झालं, थंडीबाई गावात आली ती जाईचना. एरवी कार्तिकात यायची, होळीला जायची. यंदा होळी झाली, पाडवा झाला, तरी ही आपली पारावर बसलेली. आंब्याचा मोहोर गळाला. शेळ्यांची करडं गारठली. आणि आक्काच्या घरी होती पंधरा दिवसांची नात, हौसाची लेक, एवढीशी, मुठीएवढी. ती पोर थंडीनं निळी पडायला लागली. मग मात्र आक्काच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

मग आक्का गेली पारावर. म्हणाली, "थंडीबाई, माझी नात वाचायची नाही गं. तू जात का नाहीस?"

थंडीबाईचे दात कडकड वाजत होते. "कशी जाऊ? मलाच थंडी वाजतेय. पाऊल उचलत नाही. सगळ्या गावाला गोधड्या शिवल्यास, मला कधी एक तरी दिलीस का?"

आक्काला कसंतरीच झालं. इतक्या वर्षांत हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग आक्कानं शिवली सात थरांची गोधडी, सरळ टाक्यांची. थंडीबाईनं पांघरली. पण तिचं अंग कसं? वाऱ्याचं! टाक्यांच्या दोन रांगांमध्ये सरळ गल्ली. कूस बदलली की त्या गल्लीतून सुर्रकन बाहेर, आणि परत कुडकुड.

मग आक्का गेली आढ्याला जाळं विणणाऱ्या आठ पायांच्या कोळ्याकडे. त्याच्याकडून गोल गोल शिवायला शिकली. मधून सुरू करायचं, कडेला संपवायचं. म्हातारपणी नवं शिकायचं म्हणजे सोपं का असतं? पण शिकली. थंडीबाईनं तीही गोधडी पांघरली. अहो, गोल झाली तरी गल्लीच ती! गरागरा फिरत आली थंडीबाई कडेपर्यंत, आणि बाहेर.

आक्का रडत घरी आली. नातीला एकदा उराशी धरावं म्हणून बाळंतिणीच्या खोलीत गेली. बघते तर काय! आक्कानं दिलेली जाड गोधडी बाजूला पडलेली, आणि पोरीच्या अंगावर चिंध्यांचं एक दुपटं. कुठे तिकोनी चिंधी, कुठे तिरकी, कुठे झबल्याची बाही. आणि टाके सगळीकडे वाकडेतिकडे भटकलेले. हौसानं लपून शिवलेलं. आक्कानं आत हात घातला. पोरीचे पाय ऊन ऊन!

हौसा घाबरली. "उसवू नका, आत्याबाई. एवढं एक राहू द्या."

आक्कानं दुपटं निरखून बघितलं. त्या टाक्यांत गल्लीच नव्हती! कुठून शिरावं, कुठून निघावं, थंडीला कळणारच नाही. आक्कानं सुनेचा हात धरला. "उसवत नाही गं बाई. मला शिकव."

मग काय गंमत! आक्काची सुई वाकडी जाईचना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. चार टाके पडले की रांग लागलीच. हौसा म्हणायची, "आत्याबाई, कुठं जायचं ते ठरवू नका हो. सुईला जाऊ द्या." दोघी हसायच्या, उसवायच्या, परत शिवायच्या. तिसऱ्या दिवशी आक्काच्या सुईनं एक झोकदार वळण घेतलं, आणि म्हातारी टाळ्या पिटत उठली.

मग दोघींनी मिळून तशाच वाकड्या टाक्यांची मोठी गोधडी शिवली, आणि ती थंडीबाईनं पांघरली. या कुशीवर वळली, वाट नाही. त्या कुशीवर वळली, वाट नाही. मग तिनं अंग सैल सोडलं. गालांवर लाली आली. म्हणाली, "कोणी शिवली गं ही?"

पारापाशी जमलेलं अख्खं गाव आक्काकडे बघायला लागलं.

आक्का म्हणाली, "माझ्या सुनेनं. मी नुसती तिच्या हाताखाली होते."

हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आक्कानं पदरानं पुसलं.

मग थंडीबाई गोधडी गुंडाळून डोंगरापलीकडे झोपायला गेली. उन्हं आली. नात बाळसं धरू लागली. सासू-सुना एका ओट्यावर बसून शिवू लागल्या, आणि सगळं गाव उबेत राहिलं.

तुम्हीही राहा, बाळांनो. मिटा आता डोळे.