दोन फासे आणि एक नियम

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या टेकडीवर एक साळिंदर राहत असे. मुलांनो, त्याला गोष्टी रचण्याचा फार नाद होता. थंडीच्या दिवसांत सकाळचे ऊन अंगावर घेत ते एका सपाट कातळावर बसे, आणि खार, कासव व कोल्हा त्याच्याबरोबर वीरांचा खेळ खेळायला येत. साळिंदर गोष्ट सांगे, गुहा आणि दैत्य उभे करी. बाकीचे तिघे त्या गोष्टीतले वीर होत. एवढीशी खार डोंगराएवढी पैलवान झाली होती, तर कासव भरधाव घोडा दौडवणारा स्वार. कोल्हा होता तलवारबाज सरदार. प्रत्येकासमोर करंजाच्या बिया मांडलेल्या असत. तोच त्याच्या वीराचा जीव. वार झाला की फासा पडे, आणि फाशावर जितके ठिपके तितक्या बिया उचलल्या जात. सगळ्या बिया गेल्या, की वीर मेला.

हा खेळ एका घुबडाने रचला होता. नियम झाडाच्या सालीवर कोरून देऊन ते कधीच दूरच्या रानात राहायला गेले होते. एका सकाळी लढाईत एक दैत्य जमिनीवर कोसळला. त्याच्या सात बिया उरल्या होत्या. साळिंदराने साल वाचली, ‘पडलेल्यावर वार करताना दोन फासे टाकावेत.’ कोल्ह्याने दोन फासे टाकले. एकावर चार पडले, दुसऱ्यावर पाच.

“चार आणि पाच नऊ. दैत्य मेला,” कोल्हा म्हणाला.

कासव जरा वेळाने म्हणाले, “मला वाटतं, दोन टाकायचे आणि त्यातला मोठा धरायचा. म्हणजे पाच. दैत्याच्या अजून दोन बिया उरतात.”

“एकच मोजायचा, तर दुसरा टाकायचा कशाला? आणि दैत्य मेला तर तुझाही स्वार वाचतो ना?”

“वाचतो. पण नियम तसा आहे का, ते मला ठाऊक नाही.”

कोल्हा बोलतच राहिला. ऊन डोक्यावर आले. शेवटी साळिंदर कंटाळून म्हणाले, “बरं, नऊ धरू,” आणि त्याने दैत्याच्या साऱ्या बिया उचलल्या.

दुसऱ्या दिवशी गोष्टीतल्या खिंडीत एक अजगर आला. त्याच्या शेपटीच्या फटक्याने कोल्ह्याचा सरदार आडवा झाला. कोल्ह्यासमोर आठ बिया होत्या. अजगराच्या वतीने साळिंदराने दोन फासे टाकले. सहा आणि तीन.

“मोठा धरायचा,” कोल्हा लगेच म्हणाला. “सहा. माझ्या दोन बिया राहिल्या. कासवाने काल सांगितलंच होतं. दोन टाकायचे म्हणजे दोनातला एक निवडायचा, सरळ आहे.”

“काल सरळ नव्हतं का?” खारीने विचारले. मग तिने आपल्या बिया गोळा केल्या. “असंच चालणार असेल, तर मी उद्यापासून येत नाही,” ती म्हणाली. कासवानेही मान आत ओढून घेतली.

साळिंदर म्हणाले, “यात चूक माझी आहे. काल फासे पडल्यावर मी नियमाचा अर्थ लावला, आणि तोही कोल्हा जास्त बोलला म्हणून. पण काल दैत्याला जो अर्थ लावला, तो आज सरदाराला लावला नाही, तर हा खेळच उरणार नाही. नऊ.”

कोल्ह्याने आपल्या आठही बिया स्वतःच्या पंजाने साळिंदरासमोर सरकवल्या आणि तो उतारावरून निघून गेला. पावसाळ्यापासून तो त्या सरदाराला जपत आला होता.

तिसऱ्या दिवशी तो उशिरा आला. खारीने सरकून त्याला उन्हात जागा दिली. साळिंदराने फासे अजून बाहेर काढलेच नव्हते. “आज आधी नियमाचा अर्थ ठरवू. एकदा ठरला की तो सगळ्यांना सारखा,” ते म्हणाले.

कोल्ह्याने विचारले, “आज कोणाचा वीर पडणार आहे?”

“ते कोणाला ठाऊक?”

कोल्हा पहिल्यांदाच बोलण्याआधी थांबला. “मग मोठा धरू,” तो म्हणाला. “वार करणाऱ्याला दोनातला चांगला फासा मिळतो, आणि पडलेल्याला वाचायची आशा राहते.”

खारीला ते पटले, कासवालाही पटले. साळिंदराने आपल्या एका काट्याने घुबडाच्या नियमाखाली तेवढी एक ओळ कोरली. कोल्ह्याने या वेळी तलवार घेतली नाही. तो झोळीत औषधे बाळगणारा वैद्य झाला. दुपार व्हायच्या आत कासवाचा स्वार घोड्यावरून पडला. त्याच्या सहाच बिया होत्या. फासे पडले, पाच आणि चार. कोणीही वाद घातला नाही. साळिंदराने पाच बिया उचलल्या, आणि कातळावर उरलेल्या एका बीशेजारी कोल्ह्याच्या वैद्याने औषधाच्या तीन बिया ठेवल्या.

“चल, ऊठ,” कोल्हा म्हणाला. “खिंड अजून लांब आहे.”

तात्पर्य : नियमाचा अर्थ फासे पडण्याआधी ठरवावा; फासे पडल्यावर ज्याला त्याला आपल्या सोयीचाच अर्थ दिसतो.