सांधाईचे दोन्ही हात

त्या मुलखात वरचे वर राहत आणि खालचे खाली. खाली फळांच्या रसाचं पाणीच पाणी, आणि त्यावर तेलांचा पातळसा थर. तेलांत ओव्याच्या घराण्याचा मान मोठा. त्यांच्या उग्रपणापुढे नासवणारी कुठलीही कीड टिकत नसे, आणि हे ते स्वतःच दिवसातून चारदा सांगत. अडचण एवढीच, की कीड तळातून यायची आणि हे घराणं तळात कधी उतरत नव्हतं. म्हणून वर जीभ पोळायची आणि खाली मुलूख नासायचा.

त्या वर्षी तळाच्या वस्त्या आंबू लागल्या. मुलखाचा नियम जुना होता: आंबूस वास काठापर्यंत पोचला, की सगळा मुलूख ओतून देतात. त्यात वरचे-खालचे कोणी निवडत बसत नाही.

सांधाईची बहीण येसू तळाला राहायची. तिचे निरोप येईनासे झाले, तसा सांधाईचा जीव टांगणीला लागला. ती सांधकऱ्यांच्या जमातीतली. या जमातीचा एक हात तेलाचा, दुसरा पाण्याचा. तेलवाले त्यांना पाणचट म्हणत, पाणीवाले तेलकट. एरवी त्यांना कोणी ओळख दाखवत नसे, भांडण मिटवायचं असलं की मात्र हाका मारत. सांधाई न बोलावताच उठली आणि ओव्यांचे प्रमुख तिखटराव यांच्याकडे गेली.

"रावसाहेब, खाली उतरावं लागेल. सगळ्यांनी."

"आम्ही? त्या गर्दीत?" तिखटरावांनी नाक मुरडलं. "आणि उतरलोच, तरी पाणी आम्हांला परत वर ढकलतं. पूर्वी घुसळून पाहिलंय की."

"घुसळून झाले ते मोठाले थेंब, म्हणजे मोठाली घरं. ती वर येणारच. सुईच्या नेढ्याएवढ्या खिंडीतून जोर लावून निघालात, तर इतके बारीक व्हाल की वर जायचं विसराल. खिंडीच्या तोंडाशी आम्ही उभे राहू. प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर आमची माणसं, एक हात आत, एक बाहेर. हात सुटला की घर मोडलं."

तिखटराव बराच वेळ कुरकुरले. ओतून जाण्यापेक्षा हे बरं, एवढं त्यांना पटलं. पण अट घातलीच: "घरात माणसं आमचीच. भेसळ चालणार नाही." सांधाईला हे खटकलं होतं. पण तिला येसू दिसत होती, वेळ नव्हता, आणि ती मान हलवून मोकळी झाली. चूक झाली ती इथे.

पहिले दोन दिवस सगळं छान चाललं. घरं इतकी बारीक झाली, की मुलूख आरपार स्वच्छ दिसू लागला. पण ओव्याच्या माणसांना पाण्यातून थोडंफार चालता येई. लहानशा घरात त्यांचा जीव रमेना. एकेक जण उठे आणि शेजारच्या मोठ्या घरी भाऊबंदांत जाऊन बसे. मोठी घरं आणखी मोठी झाली आणि हळूहळू वर सरकली. चौथ्या दिवशी काठाशी तेलाची तीच जुनी कड उभी राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. सांधकरी बिचारे रिकाम्या घरांचे उंबरे धरून उभे होते, आणि आंबूस वास अर्ध्या मुलखापर्यंत चढला होता.

सांधाई खूप रडली. मग ती खोबाजीकडे गेली. खोबाजी खोबऱ्याच्या तेलाचा. त्याला वास नाही, रुबाब नाही, आणि पाण्यात एक पाऊल टाकता येत नाही. बसला की बसला.

"तुझी माणसं दे. घराघरात ओव्यांबरोबर बसव."

"बसायचंच काम असेल तर आम्ही आहोतच," खोबाजी म्हणाला.

या वेळी तिने तिखटरावांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. नाकापर्यंत आंबूस वास आलेला, तेही खिंडीकडे निघाले. सगळे पुन्हा खिंडीतून गेले. आताही ओव्याचा एखादा उठून मोठ्या घरी जाई. पण तिथे भाऊबंदांची दाटी, आणि मागच्या घरात खोबाजीच्या माणसाशेजारी ऐसपैस जागा. अंग चोरून बसण्यापेक्षा आपलं घर बरं म्हणत तो माघारी येई. खोबाजीची माणसं तर हललीच नाहीत.

आठवड्याने आंबूस वास ओसरला. महिन्याने तळातून येसूचा निरोप आला: जिवंत आहे, जरा ओव्याचा वास येतो एवढंच. सांधाई उंबऱ्यावर उभ्या उभ्या हसली आणि रडली.

मग पाण्यांचे म्हातारे पाणोजी आणि तिखटराव यांनी मिळून मोठा हार केला. सांधाईचा सत्कार काठाशी, जुन्या मानाच्या जागी करायचा ठरलं.

"ये गं वर," पाणोजींनी हाक मारली. "सगळे वाट बघताहेत."

"येते की," सांधाई म्हणाली. तिने आतला हात पाहिला, बाहेरचा हात पाहिला. "पण आजोबा, यांतला कुठला सोडू?"

तिखटरावांनी आपल्या लहानशा घरातून मान खाली घातली. पाणोजींनी हार सोडून दिला, तो तरंगत काठाशी गेला. तिथे आता कोणीच राहत नव्हतं.