दाराशी साचलेला बर्फ

डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, त्या काळी एका बर्फाळ उतारावरच्या बिळात कोल्हा, कोल्हीण आणि त्यांची छोटी लेक झिपरी राहत असत. हिवाळ्यात रोज सकाळी बिळाचं तोंड बर्फानं बुजलेलं असे. कोल्हीण पंजांनी तो बर्फ बाहेर लोटी आणि झिपरीही मदतीला धावे. पण तिच्या धडपडीत निम्मा बर्फ पुन्हा घरात येई.

एके दिवशी कोल्हीण वैतागली. "बाजूला हो बघू! तू मदत केलीस की माझं काम दुप्पट होतं."

झिपरी कोपऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती जागची हललीच नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. काम झटपट उरकू लागलं, पण घर कसं गप्प गप्प झालं.

मग एकदा कोल्हा सकाळीच शिकारीला गेला आणि मागून खूप बर्फ पडला. दार पार बुजलं. खणता खणता कोल्हीण दमली. "झिपरे, ये गं जरा हात लावायला."

"मी आले तर तुझं काम वाढेल ना?" झिपरीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. आईचं काम वाढू नये, एवढंच तिला वाटत होतं.

कोल्हिणीला गलबलून आलं. "वाढू दे, बाळा. ये तू."

दुपारी कोल्हा परतला तरी दार बंदच. त्यानं बाहेरून बर्फ उकरला आणि डोकावून पाहिलं. मायलेकी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या.

"अगं, अजून एवढंच झालंय?" तो म्हणाला.

"अहो, दोघी मिळून काढतोय ना," कोल्हीण हसत म्हणाली, "वेळ लागणारच."