हिवजाईची अपुरी गोधडी

गारमाळाच्या माथ्यावर हिवजाईचे ठाणे आहे. देवीवर छप्पर नाही. घातले तर टिकत नाही, असे सांगतात. माळावरचा पौषातला गारठा हाडे फोडणारा असतो, म्हणून पौष पौर्णिमेला तिच्या अंगावर नवी गोधडी घालतात. गावातल्या घराघरांतून आणलेल्या चिंध्यांची, दाट टाक्यांची, दृष्ट लागावी अशी गोधडी. आणि तिच्या बरोबर मध्यभागी वीतभर भोक.

येणारा प्रत्येक पाहुणा त्या भोकाचे विचारतो आणि बाळकू गुरवाचे डोके फिरते. सत्तरी ओलांडली तरी पूजाअर्चा त्याच्याकडेच आहे. उंदराने कुरतडली का, उदबत्तीने जळली का, हे ऐकून त्याचे कान किटले आहेत. मागच्या वर्षी तर एक बाई पर्समधून सुईदोरा काढून भोक बुजवायलाच बसल्या. बाळकूने त्यांच्या हातातली सुई काढून घेतली.

"शिवता आलं असतं तर यसूनंच शिवलं असतं," तो म्हणाला. "बसा खाली. आदी ऐका."

फार मागे या गावात बत्तीस उंबरे होते म्हणे. त्यातल्या एका घरात यसू नांदत होती. हाताला चलाख आणि जिभेला त्याहून चलाख. तिचा तीन वर्षांचा मुलगा हिवतापाने पडला. एक दिवस बरा जाई, दुसऱ्या दिवशी पोर थडथडा उडे. झाडपाला झाला, अंगारे झाले. शेवटी यसूने माळावर जाऊन देवीला बोलून टाकले की, आई, तूही उघड्यावर कुडकुडतेस. माझ्या लेकाचे हीव काढ, गावातल्या प्रत्येक घरची चिंधी जोडून तुला गोधडी घालीन.

त्या दिवसापासून पोराचा ताप उतरला, पण पुरता गेला नाही. दर चार दिवसांनी परत येई, जणू नवसाची आठवण करून द्यायला. यसू कामाला लागली. कुणी फाटक्या पैरणीची बाही दिली, कुणी मुंडाशाचे टोक, कुणी खणाचा उरलेला काठ. एकतीस घरच्या चिंध्या जमल्या. बत्तिसावे घर तिची थोरली जाऊ कोंडाई हिचे, भिंतीला भिंत लागून.

त्या दारात यसू गेली नाही. तीन वर्षे दोघींचे बोलणे नव्हते. वाटणी झाली तेव्हा सासूची दोन जुनी लुगडी मागे राहिली होती, वापरून वापरून लोण्यासारखी मऊ झालेली. एकेक घ्यायचे ठरले होते. यसूचे बाळ तेव्हा महिन्याचे होते. तिने दोन्ही उचलली आणि जावेला म्हणाली, "तुला काय करायचंय लुगडं? तुला कुठं पोर गुंडाळायचंय?" कोंडाईला मूलबाळ नव्हते आणि नवरा जाऊन वर्ष झाले होते. ती आत गेली आणि दार लावून घेतले.

आता गोधडी चारी कडांकडून आत शिवत आणतात. टाके फिरत फिरत मध्यावर येतात आणि शेवटचा तुकडा तिथे बसतो. त्याला गोधडीचे पोट म्हणतात. यसू पोटापर्यंत आली आणि अडली. एका घराने काय बिघडते, असे म्हणून तिने पोराच्या टोपड्याचा तुकडा लावला. सकाळी पाहते तर टाके उसवून तुकडा बाजूला पडलेला. दोरा कच्चा असेल म्हणून तिने दुहेरी दोऱ्याने शिवला. पुन्हा तेच. मग तिने शक्कल काढली. सासूचे लुगडे मूळचे कोंडाईच्या वाटणीचे, म्हणजे त्याची चिंधी ती कोंडाईच्याच घरची, नाही का? या वेळी सुईच मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. इकडे पोर पुन्हा फणफणले होते.

यसूचा जीव अगदी मेटाकुटीला आला. बोटांची चाळण झाली होती आणि समोर ती गोधडी, सगळी पुरी होऊन एवढ्याशा जागेसाठी अडलेली. तिने नवऱ्याला जावेकडे पाठवले. तो बाहेरूनच हाका मारून परत आला, म्हणाला वहिनी दार उघडत नाही. मग तर यसूचे पित्त खवळले. एक चिंधी देववत नाही! माझ्या पोराच्या जिवावर उठलीय, असे तिने पाणवठ्यावर चारचौघींत बोलूनही दाखवले.

पौर्णिमेच्या दिवशी उन्हे कलली तेव्हा ती गोधडी काखेला मारून स्वतःच निघाली. चिंधी मागायला नव्हे, भांडायला. दार नुसते लोटलेले होते. तिने ते धक्क्याने उघडले.

चूल कधीची थंड होती. कोपऱ्यात धान्याचे फाटके पोते अंगावर ओढून कोंडाई मुटकुळे करून पडली होती. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. तोच हिवताप, यसूच्या पोराच्या अंगातला. नेसूच्या एका लुगड्याखेरीज घरात कापड म्हणून नव्हते. दांडीवर नाही, गाडग्यामडक्यांवर नाही.  यसू एवढेच म्हणाली, "आक्का, एक चिंधी मागाय आले होते."

कोंडाईने डोळे उघडले. तिच्या आवाजात राग नव्हता म्हणे.

"चिंधी असती," ती म्हणाली, "तर अंगावर घेतली नसती का, यसू?"

 भिंतीपलीकडे यसूच्या घरात त्या दोन लुगड्यांतले एक अजून घडी करून ठेवलेले होते. तिने काखेतली गोधडी उलगडली, जावेच्या अंगावर घातली, पायाशी खोचली आणि चूल पेटवली. पौर्णिमा तशीच गेली. देवीच्या नवसाचा मुहूर्त टळला म्हणून गाव घाबरले. पण त्या दिवसापासून पोराला पुन्हा हीव भरले नाही.

आठ दिवसांनी कोंडाई उठून बसली. तिने गोधडीची घडी यसूच्या हातात दिली, आता देवीला घाल म्हणाली. यसू नेसूच्या लुगड्याची कड मागेल असे तिला वाटले असावे, पण यसूने काही मागितले नाही. ती भोकासकट गोधडी घेऊन माळ चढली.

"ज्या घरात द्यायला चिंधी न्हाई, त्या घराची ती जागा हाय," बाळकू पाहुण्यांना सांगतो. "आता कशी बुजवायची तुमीच सांगा."

मागच्या वर्षी सुईदोरावाल्या बाईंनी हे ऐकून दोरा पर्समध्ये परत ठेवला.

आजही गावातल्या बायका गोधडीचे पोट मोकळेच ठेवतात. आणि आजही ती थेट देवीकडे जात नाही. पौर्णिमेच्या आधी आठ दिवस गावात जो कुणी सगळ्यांत एकटा, त्याच्या अंगावर ती घालतात. त्याची ऊब लागलेलीच देवी घेते. यंदा ती कुणाकडे होती, असे पाहुण्यांनी विचारले की बाळकू वसकन अंगावर येतो, नसत्या चौकशा कशाला म्हणतो आणि समई पुसायला लागतो. त्याची बायको गेल्या श्रावणात गेली. यंदाच्या गोधडीला कडुनिंबाचा पाला घातलेल्या विडीचा वास आहे, आणि माळावर तसली विडी एकटा बाळकूच ओढतो.