दोन हेडं, दोन काटे

"…पण चाचा, त्यालाच का? मला का नाही?"

जनार्दन चोगलेचा हा प्रश्न मी शेडच्या दारातच ऐकला. हातगाडीवरून इंजिनाच्या नव्या हेडांची खोकी उतरवून घेत होतो, तो तिथेच थबकलो. अशा बोलण्यात व्यापाऱ्याने शिरू नये.

हर्णै बंदरावर गफूरचाचा मुकादम म्हणजे बोटींच्या इंजिनांचे वैद्य. गुडघ्यांमुळे त्यांना बोटीत उतरणं जमेना. म्हणून या मोसमापासून आपल्याकडच्या अकरा बोटींचं काम ते एका शिष्याच्या हवाली करणार होते. जनार्दन त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं. हेमंत तांडेल पाच. आणि बंदरावर नाव चाललं होतं हेमंतचं.

"त्याला देतोय म्हणून कोण म्हणालं?" चाचांनी विचारलं.

"सगळं बंदर म्हणतंय."

"बंदराला इंजिन कळतं?"

 जनार्दन हळूच म्हणाला, "परवापासून तो तुमच्या स्टुलावर बसतोय."

"मी खुर्ची घेतली. स्टूल रिकामं होतं."

मला हसू आलं, ते दाबलं. असलं एक गिऱ्हाईक माझ्याकडे वर्षानुवर्षं येतंय. पंप मागायच्या आधी विचारणार, शेजारच्या बोटीने कुठला नेला? सांगितलं की नाक मुरडणार, आणि जाताना तोच घेऊन जाणार. माणूस वाईट नाही. पण त्याच्या बोटीला काय हवंय, ते त्याला आजवर कळलेलं नाही.

स्टँडवर सहा सिलिंडरचं इंजिन होतं. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण; तीन सिलिंडरना एक, अशी दोन हेडं. गेल्या मोसमात भर समुद्रात तापून दोन्ही तडकली होती. या खेपेला बोटीच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, दोन्ही नव्या हेडांना तापमानाचा सेन्सर हवा. पाणी किती तापलंय ते डायलवर दिसलं पाहिजे.

हेमंत आला, हेडं चढवून झाली. चाचा म्हणाले, "पुढचं जनाचं, मागचं हेमंतचं. सेन्सर बसवा."

हेमंतने हेडचं बूच काढलं, आटे पुसले, तांब्याचा वायसर घालून सेन्सर पिळला. पाच मिनिटांत उठला.

जनार्दनने वेळ घेतला. सेन्सरच्या आट्यांवर त्याने पांढरी टेप गुंडाळायला घेतली, नळवाले गुंडाळतात ती. पाण्याचा थेंब बाहेर येता कामा नये. मध्येच मान वळवून हेमंतच्या हेडकडे बघायचा, आणि आणखी एक वेढा द्यायचा.

इंजिन सुरू झालं.

फळीवर दोन डायल शेजारी शेजारी लावले होते. अर्ध्या तासात हेमंतचा काटा पंच्याऐंशीवर गेला. जनार्दनचा चाळीसच्या पुढे सरकला नाही.

"बघा शेट," जनार्दन मला म्हणाला. "माझी बाजू कशी गार चाललीय. काम याला म्हणतात."

मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू.

"जनादा," हेमंत म्हणाला, "एकदा तो सेन्सर…"

"तू तुझा बघ."

चाचा उठले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी हेमंतच्या डायलवर टाकला. डायल झाकला गेला.

"आता सांग जना. इंजिन किती तापलंय?"

जनार्दनने आपल्या काट्याकडे पाहिलं. "चाळी…"

शब्द अर्ध्यावरच राहिला. शेडमध्ये उभं राहवत नव्हतं इतकी धग होती. त्याने पंच्याकडे पाहिलं. पुन्हा आपल्या डायलकडे.

"किती?"

तो पुढे झाला. आपल्या हेडवर त्याने तळवा टेकवला, आणि चटका बसल्यासरशी मागे ओढला.

इंजिन बंद केलं. ते निवेपर्यंत चहा झाला.  चाचा खुर्चीत डोळे मिटून बसले.

मग जनार्दनने स्वतःच सेन्सर काढला. टेपचे सात वेढे निघाले.

हा एका तारेचा सेन्सर. त्याची दुसरी तार म्हणजे त्याचे आटेच. ते हेडच्या धातूला उघड्या अंगाने टेकले, तरच काट्याला खबर पोचते. मध्ये टेप आली की काटा खोटं बोलतो. हेमंतला हे पाच वर्षांपूर्वी शिकवलं होतं जनार्दननेच.

"एकाच पाण्यावर निवणारं इंजिन," चाचा म्हणाले, "अर्धं तापलेलं आणि अर्धं गार. अठरा वर्षांत कधी पाहिलंस?"

"नाही."

"मग आज?"

जनार्दन टेपचे तुकडे बोटांनी चुरगाळत राहिला…

"मी त्याच्या काट्याकडे बघत होतो चाचा."

चाचांनी नुसतं हं केलं.

जनार्दनने आटे चिंधीने लख्ख पुसले. सेन्सर उघडाच पिळला. इंजिन पुन्हा सुरू केलं, आणि आपल्या डायलसमोर जाऊन उभा राहिला.

काटा हलला. पन्नास. सत्तर. पंच्याऐंशीवर येऊन थांबला.

त्याच्या खांद्यातला ताठा सैल झाला. हेमंतकडे बघून तो थोडा हसलासुद्धा. हेमंतने त्याच्यापुढे चहाचा दुसरा कप धरला, तो त्याने घेतला.

"चाचा," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "चूक माझी. आता राग नाही काही. फक्त एवढं सांगा… बोटी कोणाकडे?"

बोलता बोलता त्याच्या मोकळ्या हाताने हेमंतच्या डायलवर अजून तसाच असलेल्या पंच्याचं टोक उचललं होतं.

चाचा म्हणाले, "हात कुठे गेलाय बघ तुझा."